चौथ्या अंगणातले महोदय

"बाई, तुमच्या पुस्तकातली मुलगी सोळा वर्षांची आहे ना? मग ती वीज कंपनीच्या नोटिशीसारखी का बोलते?"

हा प्रश्न शिट्टीने विचारला, पण त्यामागची हिंमत तिची नव्हती. ती अंपायरने लावलेल्या पैजेची होती. शाळेच्या सभागृहात तीनशे मुलं कोंबलेली, वर पंखे कुरकुरत होते, मुख्याध्यापक पहिल्या रांगेत छान डुलकी काढत होते, आणि स्टेजवर चिनी पुस्तकं मराठीत आणणाऱ्या, म्हणून 'चीनवाल्या' बाई पाऊण तास बोलून, "कुणाला काही शंका?" असं विचारून पाणी पीत होत्या. अंपायर म्हणजे शिट्टीच्या उजवीकडे बसणारी मैत्रीण. वर्गातलं कुठलंही भांडण तिच्या निकालाशिवाय मिटत नसे. डावीकडे बसायची ती कापूस, तिला कुणी जरा जोरात हाक मारली तरी डोळ्यांत पाणी यायचं. आणि शिट्टीला शिट्टी का म्हणतात ते आता तीनशे जणांना आपोआपच कळलं, कारण माइक नसताना तिचा आवाज मागच्या भिंतीला आपटून परत आला.

मुख्याध्यापक दचकून उठले. वर्गशिक्षिकेने कपाळाला हात लावला. कापूस बाकाखाली गडप झाली. शिट्टीलाही खाली बसावंसं वाटत होतं, पण उत्तर मिळायच्या आत खाली बसलं तर पैज हरली, असा अंपायरचा कडक नियम होता. त्यामुळे ती उभीच.

चीनवाल्या बाईंनी ग्लास खाली ठेवला. आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला लटकलेले दोन चष्मे. त्यातला एक डोळ्यांवर चढवून त्यांनी शिट्टीकडे असं निरखून पाहिलं, जणू ती एखादं न लागणारं अक्षर आहे.

"कुठलं वाक्य?"

शिट्टीला ते तोंडपाठ होतं. ग्रंथालयातलं ते पुस्तक तिघींनी मधल्या सुट्टीत आणून, नाक वर करून, एकमेकींना वाचून दाखवलं होतं. "'प्रिय सखी, तुझ्या अनुपस्थितीमुळे माझ्या चित्तास तीव्र खिन्नता प्राप्त झाली आहे.'"

सभागृहात खसखस पिकली.

"आणि तू कसं म्हणाली असतीस?"

"मी? 'अगं, तू नाहीस तर इथे नुसता वैताग आहे.'"

यावर जो काही हशा उठला, त्यात मुख्याध्यापकांचं "शांत बसा" वाहून गेलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर ते वाक्य नीट उतरवून घेतलं, आणि सरळ माइकमध्येच विचारलं, "शनिवारी दुपारी तीनला काय करतेस?"

---

शनिवारी तीनला शिट्टी चष्म्याच्या दुकानावरच्या बाईंच्या खोलीत होती. तिला वाटलं होतं, आता बाई दार लावून आपली खरडपट्टी काढणार. पण आत पाऊल टाकल्यावर भीतीबिती ती सगळी विसरूनच गेली. चारही भिंतींवर छतापर्यंत पुस्तकं, मध्ये एक शिडी, टेबलावर उशीएवढे जाडजूड शब्दकोश, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोरीवर चिमट्यांनी अडकवलेले पत्रांचे फोटो. वाळत घातलेल्या रुमालांसारखे. लाल रेघांचा कागद, त्यावर वरून खाली उतरणाऱ्या काळ्या अक्षरांच्या ओळी, जणू मुंग्यांनी एकेक करून दोरीवरून खाली यायचं ठरवलंय.

"उजवीकडून वाचायचं," बाई म्हणाल्या. "एकशे बारा आहेत. नव्वद वर्षांपूर्वीची. नदीकाठच्या एका गावातल्या मुलींच्या वसतिगृहात ही पोरगी राहायची. तिची जिवलग मैत्रीण शाळा सोडून दुसऱ्या शहरात गेली, तिला ही दर आठवड्याला पत्र लिहायची. मैत्रिणीने सगळी पत्रं बिस्किटांच्या डब्यात जपली. मैत्रिणीच्या लेकीने मला त्यांचे फोटो काढू दिले. त्यातली वीस मी पूर्वी छापली, ती तुम्ही वाचलीत. आता सगळी छापायची आहेत. पुढच्या महिन्यात पुस्तक छपाईला जायचंय. आणि तू म्हणतेस, वीज कंपनीची नोटीस."

"सॉरी, बाई."

"सॉरी नको. कान पाहिजे."

मग बाईंनी आपली कामाची पद्धत सांगितली. चाळीस वर्षं त्या चीनचा इतिहास वाचतायत, कथा-कादंबऱ्या मराठीत आणतायत, आणि प्रत्येक पुस्तक छापण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवतात. तेही चिनीचं ओ की ठो कळत नसलेल्या माणसाला. त्या माणसाला त्या 'कान' म्हणायच्या. आधीचा कान एक म्हातारे घड्याळजी होते, ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. कानाने मध्ये बोलायचं नाही. मांडीवर शर्टाच्या बटणांची पिशवी, समोर स्टीलचं भांडं. वाक्य कानाला खटकलं की भांड्यात एक बटण टाकायचं. टण! बाई न थांबता त्या ओळीपाशी पेन्सिलीने टिंब देणार आणि पुढे वाचणार.

पहिल्या शनिवारी एक्केचाळीस बटणं पडली. खालच्या चष्मेवाल्याने वर येऊन विचारलं, "बाई, नळ गळतोय का?"

दुसऱ्या शनिवारी तेवीस. कारण मधल्या आठवड्यात बाईंनी खिन्नतेला रजा दिली होती, चित्ताला घरी पाठवलं होतं, आणि पत्रवाली पोरगी हळूहळू तोंड उघडायला लागली होती. तिला गणिताचा वैताग होता. तिच्या खाटेखाली एक सुरवंट होता, त्याचं तिने नाव ठेवलं होतं. पलीकडच्या खाटेवरची मुलगी झोपेत इंग्रजी कविता म्हणायची आणि जागेपणी एक ओळ आठवायची नाही. शिट्टीला तर वाटायला लागलं, हिला बाकावर आपल्या शेजारी सरकून जागा करून द्यावी. शाळेत ती अंपायर आणि कापसाला रोज तिच्या बातम्या सांगायची, जणू ती पोरगी 'ब' तुकडीत आहे आणि आत्ताच जिन्यात भेटली होती.

तिसऱ्या शनिवारी बाई जरा वेगळ्याच दिसल्या. इस्त्रीचा कुर्ता, दोन्ही चष्मे पुसलेले.

"आज सत्तावन्नावं," त्या म्हणाल्या, आणि दोरीवरून एक फोटो असा अलगद काढला, जसा कुणी देव्हाऱ्यातला देव काढावा. "यावर माझी डॉक्टरेट आहे. यावरच मला नोकरी मिळाली. बावीस वर्षांपूर्वी मी यावर निबंध लिहिला, 'चौथ्या अंगणातला निरीक्षक'. तीन देशांतले लोक त्याचा दाखला देतात. ही पोरगी एरवी बोलते तशी लिहिते. पण या एका पत्रासोबत तिने एका अर्जाची नक्कल पाठवली आहे, ती जुन्या दरबारी भाषेत. सतरा मुलींच्या सह्या आहेत. एका भ्रष्ट अधिकाऱ्याविरुद्ध. आणि पत्रात शेवटी काय लिहिलंय? 'वाच आणि फाड.' कळतंय का? केवढा धोका पत्करला असेल त्या मुलींनी!"

शिट्टी खुर्चीत पुढे सरकली. तिने बटणांची पिशवी घट्ट धरली. बाई घसा खाकरून वाचू लागल्या.

"'माननीय मुख्याध्यापिका यांसी, पूर्वेकडील वसतिगृहातील सतरा विद्यार्थिनी नम्रपणे कळवितात की, चौथ्या अंगणातील महोदय गेली तीन वर्षे आपल्या पदावर असून, नेमून दिलेले काम त्यांनी एकदाही केलेले नाही. ते दिवसभर कार्यालयाच्या पायरीवर ऊन खात पहुडलेले असतात. मासळी पुढे केल्याशिवाय ते कोणाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.'"

शिट्टीने ओठ दाताखाली धरला.

"'त्यांचा पांढरा झगा निष्कलंक असला, तरी त्यांच्या हातांविषयी तसे म्हणता येत नाही. अंधार पडताच ते भिंतीवर चढून पलीकडच्या मंडळींशी मोठ्या आवाजात खलबते करतात, त्यामुळे आमच्या अभ्यासात व्यत्यय येतो.'"

शिट्टीच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढे वाचलं.

"'गेल्या महिन्यात, हिवाळी रजया ठेवण्याच्या खोलीत, महोदयांच्या वर्तनाचे पाच पुरावे उघडकीस आले. तथापि आमची विनंती अशी की, महोदयांना पदावरून दूर करू नये, केवळ समज द्यावी. आणि ते पाच पुरावे आमच्या ताब्यात द्यावेत. आम्ही त्यांना जिवापाड जपू.'"

झालं. शिट्टी फुटली. बटणांची अख्खी पिशवी मांडीवरून घसरली आणि बटणं खोलीभर, शिडीखाली, शब्दकोशांमागे, दाराबाहेर जिन्यावरून थेट चष्म्याच्या दुकानात टणटणत गेली. शिट्टी पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही.

"हसण्यासारखं काय आहे यात?" बाईंचा आवाज थंड होता. "मुलींचा वरिष्ठांवर विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी पुरावे स्वतःच्या ताब्यात मागितले. हे धैर्य..."

"बाई," शिट्टी कशीबशी म्हणाली, "बाई, ते मांजर आहे."

खालच्या दुकानात एक बटण अजून गरगरत होतं. ते थांबलेलं दोघींना ऐकू आलं.

"कोण?"

"महोदय. पांढरं मांजर. हात म्हणजे पंजे, चिखलाचे. मासळीशिवाय बघत नाही. भिंतीवर चढून बोंबलतं. आणि रजयांमध्ये पाच पुरावे... बाई, पिल्लं! ती पिल्लं मागतायत!"

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. "हा दस्तऐवज आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "अर्जाची भाषा पाहा. एवढी गंभीर भाषा मुली मांजरासाठी कशाला वापरतील?"

"त्यातच तर मजा असते! आमच्या वर्गात अशा अर्जांची वही आहे. 'माननीय पंखामहाशय यांसी, आपण उन्हाळ्यात दीर्घ रजेवर असता' असले. मुद्दाम अगदी साहेबी भाषेत लिहायचं. आणि 'वाच आणि फाड' तर आम्ही प्रत्येक चिठ्ठीवर लिहितो. सापडली तर ओरडा बसतो ना!"

"पुरावा काय तुझ्याकडे?"

शिट्टीच्या जिभेला हाड नव्हतंच. "आहेत की पाच. रजयांत."

ते तोंडातून गेलं मात्र, तिला बाईंचा चेहरा दिसला, आणि ती हसायची थांबली. बाईंनी फोटो परत दोरीला लावला. चिमटा दोनदा निसटला.

"आज एवढं पुरे," त्या म्हणाल्या. "तू जा आता."

---

घरी बाबा जेवणाच्या टेबलावर लिफ्टचं बटणांचं एक पॅनेल उघडून बसले होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि बिघडलेल्या वस्तू पाहुण्यांसारख्या घरी घेऊन यायचे. आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, नुकतीच येऊन पाय वर घेऊन बसली होती. शिट्टीने सगळं एका दमात सांगून टाकलं आणि सोफ्यावर तोंड खुपसलं.

"म्हणजे," आई म्हणाली, "त्या बाईंच्या बावीस वर्षांच्या कामाला तू मांजर म्हणालीस?"

"कामाला नाही गं, महोदयांना!"

"काय ही पोरगी! अहो, तुम्ही बोला काहीतरी."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "पण होतं का मांजर?"

"होतंच!"

"मग आता लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबायची ते त्यांनी ठरवायचं. तू बटण दाबलंस, झालं."

"यात काय सांत्वन आहे?" आई म्हणाली.

"सांत्वन कुठे करतोय मी?"

रविवारभर शिट्टी एकच हिशोब मांडत राहिली. पुढच्या आठवड्यात पुस्तक छपाईला जाणार. बाई गप्प राहिल्या तर महोदय कायमचे लाचखाऊ निरीक्षक होऊन बसणार, शाईत, पुठ्ठ्यात, तीन देशांत. आणि बाई बोलल्या तर त्यांच्या नोकरीचा, डॉक्टरेटचा, सगळ्याचा पायाच मांजराने पळवलेला. आणि हे सगळं कुणामुळे? एका पैजेमुळे.

सोमवारी अंपायरने निकाल दिला, "खरं बोलल्याबद्दल दंड नाही. पण पुराव्यांवरचा जोक अनावश्यक होता." कापूस पिल्लांची काय काय नावं असतील या विचारानेच रडवेली झाली होती.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि शाळेच्या फाटकापाशी गोंधळ सुरू झाला. चीनवाल्या बाई दारवानाशी हुज्जत घालत होत्या. एका पायात तपकिरी चप्पल, दुसऱ्या पायात काळी. हातात कागदांची चळत. शिट्टी दिसताच त्या तिथूनच ओरडल्या,

"उंदीर!"

दारवान दोन पावलं मागे सरला.

"चौसष्टावं पत्र!" बाई फाटकाच्या गजांतून कागद नाचवत होत्या. "'महोदयांची बदली धान्याच्या कोठारात झाली. उंदरांमुळे.' यावर मी तळटीप काय लिहिली आहे, वाच!"

शिट्टीने वाचलं. "'उंदीर: त्या काळी हेरांसाठी वापरला जाणारा सांकेतिक शब्द असावा.'"

"हेर! आणि एकाहत्तरावं! 'महोदय आजारी, दोन दिवस अन्न नाही, शेवटी केसांचा गोळा बाहेर पडला.' मी लिहिलं, 'छळाचा संदर्भ संदिग्ध.' संदिग्ध! अगं, मी दोन दिवस हेच वाचतेय. बावीस वर्षं माझ्या नाकासमोर मिशा फेंदारून बसलंय ते. पण मी इतिहासकार आहे, मला नुसतं वाटून चालत नाही. शाळा सुटली की लगेच ये. मैत्रिणीच्या लेकीला फोन लावायचाय, आणि मला एकटीने विचारवणार नाही."

---

मैत्रिणीची लेक आता एक्क्याऐंशी वर्षांची होती. बाईंनी मोबाइल शब्दकोशाला टेकवून उभा केला. पडद्यावर गोल चेहऱ्याची, केसांत क्लिप लावलेली एक आजी उगवली. मग चिनी सुरू झालं. शिट्टीला वाटलं, कुणीतरी संगमरवराच्या जिन्यावर काचेच्या गोट्या सोडल्यात. बाईंनी नमस्कार-चमत्कार केले, तब्येत विचारली, हवेवर बोलल्या. मग त्यांचा आवाज बारीक होत होत गेला. त्यांनी विचारलं. ते विचारलं, एवढं शिट्टीला नक्की कळलं, कारण बाईंनी टेबलाची कड धरली होती.

 आजी कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की पडदाभर नुसतं तोंडच दिसायला लागलं, आणि त्या तोंडातून सगळ्या संभाषणातला शिट्टीला कळलेला पहिला शब्द आला.

"म्याँव!"

आणि आजी जी हसत सुटली, की फोन तिच्या हातातून पडून पडद्यावर छत दिसायला लागलं. छतसुद्धा हलत होतं.

बाई सांगत होत्या, अर्धं चिनीत, अर्धं मराठीत, दोन्ही एकमेकांत गुरफटलेलं. "ती म्हणते, मांजरच. घरात सगळ्यांना माहीत होतं. आई दर हिवाळ्यात ही गोष्ट सांगायची आणि महोदयांचं खाकरणं करून दाखवायची. त्या पाच पुराव्यांपैकी एक पुरावा बोटीने, टोपलीतून, आईकडे पाठवला होता. तेव्हापासून... थांब, काय?"

छत गेलं, आजी परत आली. तिच्या हातात मागचे पाय लोंबकळत असलेलं, अतिशय नाराज, पांढरंशुभ्र मांजर होतं. आजीने काहीतरी म्हटलं.

"सध्याचे महोदय," बाईंनी भाषांतर केलं, आणि त्यांचा आवाज फाटला.

"बाई, विचारा ना, आधी का नाही सांगितलं?"

बाईंनी विचारलं. उत्तर ऐकून त्या आधी शिडीला टेकल्या, मग पहिल्या पायरीवर बसल्या, मग तिथून घसरून जमिनीवर, शब्दकोशांच्या मधोमध, पाय पसरून. त्यांचे खांदे गदगदत होते. शिट्टीचा जीव घाबरला. बाई रडतायत! ती पाणी आणायला धावली, आणि परत येऊन बघते तर बाई हसत होत्या, पण कसल्या, दोन्ही चष्मे गळ्यात, डोळे गच्च मिटलेले, हाताने जमीन बडवत.

"ती म्हणते... ती म्हणते, 'तुम्ही विचारलंच नाहीत! डब्यातलं एकेक पत्र तुम्ही अशा चेहऱ्याने उचलत होतात, मला वाटलं, मोठ्या लोकांचं काहीतरी सरकारी काम असेल!'"

शिट्टीही तिथेच कोसळली. खालचा चष्मेवाला परत वर आला, दोन विद्वान जमिनीवर लोळताना पाहून मुकाट्याने परत गेला.

हसू ओसरल्यावर खोली एकदम शांत वाटली. टेबलावर छपाईला जायचे कागद होते, दोन हजार तळटिपांसकट. शिट्टीने दम घेतला आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग जाहीर केला. "बाई, आपण कुणालाच नको सांगायला. आजी काही निबंध वाचायला येणार नाही. मी गप्प बसेन. शप्पथ. अंपायरला आणि कापसाला तर कळलंय, पण त्यांना मी पटवते."

"आणि पत्रवालीला काय सांगू?" बाईंनी चष्मा पुसला. "बिचारी नव्वद वर्षं विनोद सांगून उभी आहे. आणि समोर मी, सुतकी चेहऱ्याने तळटीप लिहितेय."

त्यांनी फोन उचलला आणि प्रकाशकाला लावला. "छपाई थांबवा. नाही, पुढच्या आठवड्यातसुद्धा नाही. सहा महिने. कारण? कारण मांजर." पलीकडून इतका आरडाओरडा झाला की बाईंनी फोन हातभर लांब धरला. "हो, मला माहितीय जाहिरात गेली. हो, माझाच निबंध. मीच खोडून काढणार, पहिल्याच पानावर. ओरडा, ओरडा, मी ऐकतेय." मग फोन ठेवून त्या अचानक ताठ बसल्या. डोळ्यांत एक भलतीच चमक आली. "अरे देवा. ते प्राध्यापक!"

"कोण?"

"बावीस वर्षं माझ्याशी भांडतायत. त्यांचं म्हणणं, महोदय हे निरीक्षक नव्हेत, मिठाच्या करावरचे अधिकारी होते. त्यांचं जाड पुस्तक आहे त्यावर. अगं, त्यांचा मीठ-अधिकारीसुद्धा मांजरच झाला की!" आणि बाईंनी टाळीसाठी हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदाच देत असाव्यात, कारण ती शिट्टीच्या मनगटावर बसली.

मग बाईंनी दोरीवरच्या पत्रांकडे पाहिलं. एकशे बारांमधली तीन सुटली. उरलेल्या एकशे नऊंत ही पोरगी आणखी कुठे कुठे तोंड दाबून हसली असेल?

"सगळी परत वाचून दाखवते तुला," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून. तू हसलीस की थांबायचं."

शिट्टी आनंदाने हो म्हणणार होती. ओठांवर आलंही होतं. पण ती दोरीखाली जाऊन उभी राहिली आणि अक्षरांच्या त्या उतरत्या मुंग्यांकडे बघत राहिली. "बाई, पण तुम्ही मला तेच वाचून दाखवणार ना, जे तुम्हाला दिसलंय? मांजर निदान शब्दांत तरी होतं. पण एखादी गंमत तुम्ही मराठीत आणतानाच पुसली गेली असेल, तर ती माझ्यापर्यंत येणारच नाही. मग मी हसणार कशी?"

 बाई शिडी सरकवून वर चढल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक पातळ, कोपरे झिजलेलं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर एकच अक्षर होतं, दोन रेघांचं, चालत निघालेल्या दोन पायांसारखं.

"याचा अर्थ माणूस," बाई म्हणाल्या. "दहा वर्षं लागतात. आधीच सांगून ठेवते. पहिली दोन वर्षं तर नुसतं डोकं आपटावंसं वाटतं. घरी विचार आणि मग सांग."

शिट्टी जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरली. रस्त्याने ती पळत होती की उडत होती, हे तिला विचारूनही सांगता आलं नसतं. एका लाल सिग्नलला थांबली तेव्हा तिने बोटाने हवेत तो माणूस काढला, आधी डावा पाय, मग उजवा. शेजारच्या स्कूटरवाल्याने घाबरून स्कूटर थोडी पुढे घेतली.

घरात पाऊल ठेवलं तर आई भाजी निवडत होती आणि बाबांनी पॅनेल जोडून त्यातला दिवा पेटवून दाखवायला नुकतंच बोट पुढे केलं होतं.

"आई, बाबा, बसा."

"बसलेलोच आहोत," बाबा म्हणाले.

"मी एक ठरवलंय."

आईने भाजी बाजूला ठेवली. "घरात मांजर येणार नाही. आधीच सांगतेय."

"मांजर नाही गं! ऐका तरी. आणि मध्ये बोलायचं नाही, नाहीतर मी विसरेन." शिट्टीने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले, दम खाल्ला, आणि आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात, जो शेजारच्या दोन्ही घरांना आणि वरच्या मजल्याला स्वच्छ ऐकू गेला, जाहीर केलं, "मी चिनी शिकणार आहे. उद्यापासून, रोज, शाळा सुटल्यावर. दहा वर्षं लागतील असं बाई म्हणतात, तर लागू देत. एकशे नऊ पत्रं राहिलीत, आणि ती मला त्या पोरीच्याच तोंडून ऐकायची आहेत."